पावलामागचा ऑश

डोंगराच्या हवामानावर मत नाही असा माणूस करज गावात मी अजून पाहिलेला नाही. डोंगर प्रत्येकाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, त्यामुळे प्रत्येकाला तो आपल्या मालकीचा वाटतो. कांदा परतता परतता बायका वर बघतात आणि सांगून टाकतात, "आज कंदोवानच्या बोगद्यापाशी बर्फ पडणार." पडला तर दिवसभर स्वतःचं कौतुक, आणि नाही पडला तर कांदा करपला म्हणून नवऱ्याचा उद्धार. मी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. वारे, ढग, हवेचा दाब सगळं मुलांकडून घोकून घेतलं. पण आमच्या इमारतीत हवामानाबद्दल माझं मत कोणी कधी विचारलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे मी कधीच मनाला लावून घेतलेलं नाही. थोडंसं घेतलं आहे.

तर अशा गावात राहून मी मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघायचं ठरवलं. चालूसच्या घाटाने डोंगर ओलांडायचा, समुद्राच्या काठाकाठाने अस्तारापर्यंत जायचं, तिथून पुन्हा घाट चढून अर्दबील, मग झंजान, कझवीन आणि घर. हा रस्ता मी फळ्यावर इतक्या वेळा काढला होता की त्यातलं प्रत्येक वळण माझ्या मनगटाला पाठ होतं. मोटारसायकल मात्र शाळा ते घर एवढंच ओळखत होती. तिच्या कानावर मी डोंगराची गोष्ट अजून घातली नव्हती.

का जायचं, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हवापालट." खरं कारण चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. माहीन, माझी बायको, गेल्यापासून माझ्या घरात हवा अशी बदलतच नव्हती. सकाळी तोच चहा, तीच खुर्ची. बाहेर पडलो तर "कधी येणार?" असं कोणी विचारत नाही, आणि उशिरा आलो तर कोणी तोंड फुगवून बसलेलं नसतं. आपल्यावाचून कोणाचंच काही अडत नाही हे एकदा लक्षात आलं की माणूस घाबरतो. मी घाबरलो होतो. लांब गेलो तर निदान गेलो आहे हे तरी कोणाच्या लक्षात येईल, असा माझा हिशोब होता.

पण खरी अडचण डोंगराची नव्हती, ऑशाची होती. आमच्याकडे माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की त्याला कुराणाखालून काढतात, तो सुखरूप परत यावा म्हणून त्याच्या मागे वाडगाभर पाणी फेकतात, आणि तिसऱ्या दिवशी घरचे लोक त्याच्या नावाने पाला, कडधान्य आणि शेवया घालून ऑश, म्हणजे दाट सूप, शिजवतात आणि शेजारीपाजारी वाटतात. हा पावलामागचा ऑश. तो शिजेपर्यंत प्रवास सुरू झाला असं आमच्या बायका धरत नाहीत. आमची मुलगी नेगार परदेशी, मालमोला शिकायला गेली तेव्हा माहीनने एवढं मोठं पातेलं चढवलं होतं की ते खाली नेताना लिफ्ट अडकली. माझ्यामागे पातेलं कोण चढवणार? घरचं माणूस मी एकटा, आणि तोच निघालेला.

हा विषय मी कोणापाशी काढला नव्हता. तो काढला एशरत खानमनी. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, माहीनची जिवाभावाची मैत्रीण. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"इराज आगा, डोंगरबिंगर ठीक आहे. पण तुमचा ऑश कोण करणार?"

कोणीतरी हे विचारावं म्हणून मी आठवडाभर वाट बघत होतो, आणि विचारल्याबरोबर मला राग आला. "माझा मी करून जाईन," मी म्हणालो.

"स्वतःचा ऑश स्वतः? म्हणजे आपल्याच लग्नात आपणच टाळ्या वाजवायच्या. मी करते."

"नको, शेजाऱ्यांना कशाला त्रास."

"बरं," त्या म्हणाल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात "नको" म्हणायची रीत आहे आणि पुढच्याने आग्रह करायची रीत आहे. पहिलं "नको" हे सभ्यपणाचं, दुसरं संकोचाचं, आणि तिसऱ्यानंतर माणूस "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून हात धुवायला उठतो. एशरत खानमनी पहिल्याच "नको"ला "बरं" म्हटलं. मी असा दुखावलो की तसाच ताडताड वर निघून आलो आणि दार लावून घेतलं. मागे त्या काहीतरी बोलल्या, पण दुखावलेल्या माणसाला मागचं ऐकू येत नाही.

त्यानंतर हवामान सुरू झालं. आमच्या इमारतीचे व्यवस्थापक जनाब मोतामेदी बँकेतून निवृत्त झाले आहेत, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांच्या फोनमध्ये हवामानाचे तीन अंदाज येतात आणि तिघांचं आपसांत पटत नाही. ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येत, चहा घेत आणि निकाल देत. "जनाब दाराबी, मंगळवारी निघा. सोमवारी ढग आहेत, बुधवारी वारा आहे."

"मंगळवारी नको," त्यांची आई तूरान खानम खालून जिन्यातूनच ओरडत. त्यांचा उजवा गुडघा पावसाचा आणि डावा बर्फाचा. दोन्ही एकदम दुखले तर पाहुणे येणार. "डावा ठणकतोय. वर पांढरं होणार."

"आई, उपग्रह सांगतोय."

"उपग्रहाला गुडघे असतात का रे?"

यावर मोतामेदी चहात तोंड घालत. मी माझं मत म्हणून भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगू लागलो की कास्पियनवरून येणारी ओली हवा डोंगराला अडते तेव्हा... एवढ्यात त्यांचा चहा संपत असे. गाडी दुरुस्त करणारा उस्ता घोलाम म्हणाला, "हवामान राहू द्या आगा, आधी या गाडीची समजूत घाला. तिने चढ म्हणून पुलाखेरीज काही पाहिलेलं नाही." अशा रीतीने सगळ्यांचं ऐकून मी निघायचा दिवस पुढे ढकलत राहिलो, आणि ढकललेल्या प्रत्येक दिवशी वर स्वच्छ ऊन पडलं.

शेवटी एका सकाळी गुडघे, उपग्रह आणि मी अशा तिघांचं एकमत झालं. सगळी इमारत रस्त्यावर उतरली. तूरान खानमनी कुराण वर धरलं. त्या बुटक्या आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे मला जवळजवळ रांगत खालून जावं लागलं. एशरत खानमनी पाणी इतक्या मनापासून फेकलं की माझा एक बूट भिजला. सगळ्यांनी हात हलवले. गल्लीच्या टोकाला पोचलो आणि आभाळ फाटलं. गारांचा सडा पडला. मी मागे फिरलो तेव्हा लोक अजून फाटकातच गप्पा मारत उभे होते.

"काय पाण्याचा गुण आहे," मोतामेदी एशरत खानमना म्हणाले. "माणूस गल्लीच्या टोकावरूनच परत."

दुसऱ्या खेपेला ऊन होतं. पुन्हा कुराण, पुन्हा वाडगा. मी घाटाच्या तोंडाशी पोचलो. तिथे चौकी होती आणि चौकीत एक अधिकारी होता, ज्याने मला हात केला.

"मोटारसायकल वर जाणार नाही."

"रस्ता बंद आहे?"

"बंद नाही."

"मग उघडा आहे."

"उघडा आहे असं मी म्हणालो का? वरून निरोप यायचा आहे."

"कधी येईल?"

"हवा बघून." मग माझे पांढरे केस पाहून त्याला दया आली असावी. "रस्त्याच्या कचेरीत विचारून या, आगा."

मी गावात रस्त्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने मला बसवलं, साखरेचा खडा आणि चहा दिला, आणि सांगितलं, "रस्ता आमचा आहे. बर्फ पडला की बर्फही आमचा. पण पडायच्या आधीचा बर्फ आमचा नाही, तो हवामानवाल्यांचा." हवामानवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "आम्ही फक्त अंदाज सांगतो, जा किंवा जाऊ नका असं सांगत नाही. ते चौकीवर विचारा." चौकीवर तोवर दुसरा अधिकारी आला होता. त्याला वाटलं मी वरून खाली आलो आहे, आणि त्याने मला वरच्या रस्त्याची हालहवाल विचारली. माझा इतका मान त्या दिवसात दुसऱ्या कोणी ठेवला नव्हता, म्हणून मी त्याला खरं सांगितलं नाही. "निसरडं आहे," म्हणालो. त्याने लगेच फाटक पाडलं. मी घरी आलो.

आता मात्र लोकांच्या तोंडावर हात कोण ठेवणार? जो तो मला भेटून "सुखरूप आलात ना?" असं विचारू लागला. मोतामेदींनी लिफ्टमध्ये कागद डकवला की जनाब दाराबींना निरोप देण्यासाठी रहिवाशांनी निघणं पक्कं झाल्यावरच खाली यावं. कागदावर माझं नाव होतं, शिक्का होता, आणि एका टवाळाने खाली मोटारसायकलचं चित्र काढून तिला उलटं तोंड दिलं होतं. मी लिफ्ट सोडून जिना धरला. माणसाने एकदा परत यावं, तो योगायोग म्हणता येतो. दोनदा आला की तो स्वभाव होतो. आता तिसऱ्यांदा निघालो की काही झालं तरी मागे फिरायचं नाही, अशी मी मनाशी शपथ घेतली. शपथा नेहमी मनाशी घ्याव्यात, मोडल्या तरी साक्षीदार नसतो.

बुधवारी दुपारच्या अजाननंतर निघालो. खाली फक्त एशरत खानम होत्या. हातात अर्धाच वाडगा.

"या खेपेला कमीच फेकते," त्या म्हणाल्या. "पोचा एकदाचे."

मी खोगिरावर बसून जरा रेंगाळलो. ऑशाचा विषय निघेल असं वाटलं होतं. त्यांनी पाणी फेकलं आणि पदर सावरावा तशी डोक्यावरची चादर सावरून त्या आत गेल्या.

चौकीचं फाटक या खेपेला वर होतं. घाटातल्या धरणापर्यंत मी राजा होतो. बाजूने हिरवं पाणी, वर निळं आभाळ, आणि मोटारसायकल माझ्यावर उपकार केल्यासारखी का होईना, चढत होती. गचसर गावाच्या अलीकडे सावली आली. मग भुरभुर. मग पुढची गाडी दिसेनाशी झाली आणि जिथे गाड्या थांबल्या होत्या तिथे फाटक खाली होतं. तूरान खानमचा डावा गुडघा मला आठवला आणि मी एक वाईट शब्द बोललो, गुडघ्याला उद्देशून.

रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानात सगळे शेगडीभोवती गोळा झाले. घरंच्या घरं होती. मुलांच्या नाकाला शेंबूड, बायकांच्या मांडीवर डबे, आणि कोणी टाळ्यांवर गाणी धरलेली. अडकायचं असेल तर असं अडकावं, असं मला वाटलं. एका बाईने मला पावात कटलेट घालून दिलं आणि विचारलं, "एकटेच?"

"एकटाच," मी म्हणालो.

तिने आणखी एक कटलेट दिलं. मला ते घशाखाली उतरेना. दया पोटभर खाता येत नाही.

हळूहळू एकेक घर मागे फिरलं. मला फिरता येत नव्हतं. तीनदा निरोप घेतलेला माणूस कोणत्या तोंडाने परत जाणार? रात्र मी दुकानातल्या बाकावर काढली. सकाळी दुकानदार म्हणाला, "हे दोन-चार दिवस उघडत नाही, आगा. घरी जा. घरी कोणी वाट बघत असेल."

"नाही."

"मग काय, नशीबवान आहात. उशीर झाला तरी कोणी बोलणार नाही." तो मनापासून म्हणाला.

गाडी थंडीने गारठून चालूच होईना. उताराने ती आणि मी घरंगळत खाली आलो. वाटेत मी एक बेत केला. बेत साधा होता. करजमध्ये गुरुवारी दुपारी जेवणं झाली की मांजरंसुद्धा झोपतात. गाडी उस्ता घोलामच्या दुकानात ठेवायची, त्याच्याकडून कोणाला न सांगण्याचं वचन घ्यायचं आणि सगळे झोपेत असताना घरात शिरून बसायचं. रस्ता उघडला की तसंच गुपचूप बाहेर पडायचं. म्हणजे प्रवास चालूच राहील, फक्त मी घरात असेन.

बेत तडीस गेला. मी बूट हातात घेऊन जिना चढलो, दाराबाहेर पायपुसण्यावर पडलेल्या माझ्या सपाता सवयीने पायात सरकवल्या, आणि किल्ली अशी फिरवली की चोरानेही शाबासकी द्यावी. आत आलो. पडदे ओढलेले होते. घर जसंच्या तसं होतं. मी नसलो तरी ते असंच असतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि ते काही बरं वाटलं नाही.

आपल्याच घरात लपणं हे दिसतं तितकं सोपं नाही. दिवा लावायचा नाही. दूरदर्शन मुकं ठेवायचं. चहाची किटली शीळ घालायच्या आत उचलायची. सगळ्यात अवघड म्हणजे संडासाची साखळी. ती ओढली की इमारतीचा पंप सुरू होतो आणि पंप सुरू झाला की मोतामेदी घड्याळ बघतात. मी दुसऱ्या कोणाचा पंप सुरू होईपर्यंत दाराशी थांबून राहायचो आणि मग त्याच्या आडून माझं उरकायचो. भूगोलाच्या शिक्षकाला म्हातारपणी हे दिवस बघावे लागले.

संध्याकाळी मालमोहून नेगारचा फोन आला, तोही चेहरा दाखवणारा.

"बाबा, कुजबुजताय का?"

"शेजारच्या खोलीत लोक झोपलेत."

"पोचलात का समुद्राशी? दाखवा ना."

मी अंधारात इकडेतिकडे पाहिलं. न्हाणीघराच्या निळ्या पडद्यापुढे फोन धरला आणि जरासा हलवला.

"किती शांत आहे," ती म्हणाली. "आई असती तर पाण्यात उतरली असती, नाही?"

"हो," मी म्हणालो. "कपड्यांनिशी."

फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरातच स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो. समुद्राशी गेलो असतो तरी असाच बसलो असतो, हेही तेव्हाच कळलं.

शुक्रवारी सकाळी मी दाराला कान लावला. सुट्टीचा दिवस, जिन्यात वर्दळ. आता लोक माझ्याबद्दल बोलणार. बिचारे दाराबी कुठवर पोचले असतील, वर बर्फ पडलाय म्हणतात, फोन करून बघू या का. असं काहीही ऐकायला मी तयार होतो. मोतामेदी लिफ्टच्या तेलाबद्दल बोलले. तूरान खानम बोलल्या नाहीत, नुसत्या कण्हल्या. एशरत खानमनी नवऱ्याला बजावलं, "कांदे भरपूर आण. आणि पालक, कोवळा बघून." कांदे आणि पालक. लपलेल्या माणसाला निदान कोणीतरी शोधावं की नाही? मी कान काढून घेतला. मला रडू आलं, हे मी इथे सांगून टाकतो. लपून रडताना आवाज करता येत नाही, त्यामुळे ते जास्त वेळ चालतं.

माझ्या गणिताने तो तिसरा दिवस होता. खिडकी बोटभर उघडून मी वास घेतला. कोणाकडे कबाब होता, कोणाकडे भात. ऑश कोणाकडेच नव्हता. मग मी उठलो आणि पातेलं काढलं.

फ्रीजरमध्ये तळाशी एक पिशवी होती. ऑशाचा पाला, माहीनने निवडून, धुऊन, चिरून ठेवलेला. ती गेल्यापासून मी त्या पिशवीला हात लावला नव्हता. वीज गेली की मला घरातल्या कशाची चिंता नसे, त्या पिशवीची असे. ती मी फोडली. चणे आणि राजमा डब्यातले होते, शेवया होत्या, कश्कची, म्हणजे आटवलेल्या आंबट दह्याची, अर्धी बाटली होती. पाला उकळायला लागला आणि घरात माहीनचा शुक्रवार भरून राहिला. मी मीठ घातलं. मग डोळे पुसले. मग मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून घातलं. शेवटी तिच्या पद्धतीने तेलात वाळका पुदिना टाकला आणि त्यात चिमूटभर हळद.

परतलेला पुदिना लपवता येतो असं ज्याला वाटतं त्याने इमारतीत राहू नये. थोड्याच वेळात माझ्या दाराबाहेर पावलं जमली.

"गॅस गळतोय," मोतामेदींचा आवाज आला. "जनाब दाराबी तोटी उघडी ठेवून गेलेले दिसतात. कोणी दिवा लावू नका."

"गॅसला पुदिन्याचा वास येतो होय रे?" तूरान खानम.

"मग चोर असेल."

"चोर येऊन शेवया शिजवेल?" हा एशरत खानमचा आवाज.

मी हातात डाव घेऊन दाराच्या आत उभा होतो. उघडावं तर अब्रू जाते, न उघडावं तर अग्निशामक दल येतं.

मग तूरान खानम हळूच म्हणाल्या, "वास घ्या नीट. पुदिन्यात हळद आहे. या इमारतीत पुदिन्यात हळद कोण घालायचं?"

"माहीन," एशरत खानम म्हणाल्या.

"तीच आहे. नवऱ्यामागे कोणी ऑश केला नाही, म्हणून बिचारी स्वतः आली. सलवात म्हणा सगळे."

सगळ्यांनी पैगंबरांच्या नावाने सलवात म्हटली. मोतामेदींचा आवाज सगळ्यात मोठा होता. उपग्रहावर विश्वास ठेवणारा माणूस, पण वेळप्रसंग ओळखून असतो.

"वाडगे आणा," तूरान खानमनी हुकूम सोडला. "गेलेल्या माणसाने आपल्यासाठी रांधलं तर नाही म्हणू नये. दारात ठेवा आणि पाठ करून उभे राहा. आपण बघत असलो तर ती यायची नाही."

पावलं खालीवर झाली. दारापाशी चिनी मातीचे आवाज झाले. मग सामसूम. मी दार फटभर उघडलं. खाली वाडग्यांची रांग होती, आणि पलीकडे जिन्यावर पाठींची रांग. मोतामेदींचं टक्कल, तूरान खानमची शाल, एशरत खानम, त्यांच्या नवऱ्याच्या हातात अजून कांद्यांची पिशवी. सगळे माझ्याकडे पाठ करून माझ्या दारात उभे होते. इतकी माणसं माझ्या दारात माहीनला नेलं त्या दिवसानंतर आली नव्हती. एशरत खानमचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते मागून कळेना. मी वाडगे भरले, प्रत्येकावर पुदिना घातला आणि दार लावून घेतलं.

बाहेर चमचे वाजले. मग कोणीतरी खोकललं.

"माहीन जान," एशरत खानम दाराशी येऊन म्हणाल्या, "तुझ्या हाताला माझा जीव ओवाळते, पण मीठ फार झालंय ग. पूर्वी तुझं असं व्हायचं नाही."

मी श्वास धरला.

"आणि रागावू नकोस. ऑश मी उद्या करणार होते. तुझा नवरा दुपारच्या अजाननंतर गेला. तो दिवस धरायचा नसतो, हे तुला माहीत आहे. त्याला नाही, त्याला फक्त भूगोल येतो. चणे कालपासून भिजत घातलेत. आज कांदे आणले. मी जिन्यात विचारलं तर 'नको' म्हणाला. दुसऱ्यांदा आग्रह करायला तोंड उघडलं तर हा वर पसार. तिसरं 'नको' होईपर्यंत तरी माणसाने थांबावं ना?"

"थांबावं," तूरान खानम म्हणाल्या.

"आणखी एक. तो आला की सांग त्याला. त्याच्या सपाता काल दुपारपासून पायपुसण्यावर नाहीत. घरातल्या सपाता घालून कोणी कंदोवान चढत नाही. मला वाटलं, येईल खाली संध्याकाळपर्यंत. रात्री ताट झाकून ठेवलं होतं. अंधारात बसण्यापेक्षा खाली यायचं होतं, एवढंच सांग. बाकी कोणी काही म्हणणार नाही. कोणी काही म्हणणार आहे का?"

"मी लिफ्टमधला कागद काढतो," मोतामेदी म्हणाले.

मग पावलं खाली जाऊ लागली, मुद्दाम जरा जास्त आवाज करत. मी दाराच्या आत उभा राहिलो. हातातला डाव टपटप गळत होता. माझ्या तोंडात तीन "नको" तयार होती आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं. मी दार उघडलं.

एशरत खानम शेवटच्या पायरीवर होत्या. वळल्या. माझ्याकडे, डावाकडे आणि सपातांकडे पाहून अगदी पाहुण्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "आलात, इराज आगा? सुखरूप ना? रस्ता कसा होता?"

"बंद होता," मी म्हणालो.

"डावा गुडघा," खालून तूरान खानम म्हणाल्या.

"असू दे. उघडेल तेव्हा जा, पण उद्याचा ऑश खाऊन. आता खाली या, पालक निवडायचा आहे. कांदे तुम्ही चिरा, डोळे तसेही लाल आहेतच."

"आधी गॅस बंद करून येतो," मी म्हणालो आणि आत वळलो.

"कधी येणार?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

मी दारातून मागे वळलो. "आलोच," म्हणालो.